घरकामाच्या बाईंचं हिरवं पुस्तक: एचआयव्ही असल्याचं कुणाला सांगायचं, कुणाला नाही?

ट्रान्सहार्बर:
ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात जे झालं, त्यावर तुमची मतं हवी आहेत. घरकामाला येणाऱ्या एका बाईंच्या पिशवीतून एआरटी सेंटरचं, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राचं, हिरवं पुस्तक बाहेर पडलं. त्यात पेशंटच्या उपचाराची नोंद असते. ज्यांच्या घरात पडलं त्यांनी त्याचा फोटो काढून 'सर्वांच्या माहितीसाठी' म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आठवडा उलटायच्या आत बाईंची सगळी कामं सुटली. एका घरात तर त्या मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून ती दहावीला जाईपर्यंत पोळ्या करत होत्या.

लोक म्हणतात, बाईंनी लपवलं. मला हे अजिबात मान्य नाही. ते सांगणं त्या कुणाचंही देणं लागत नव्हत्या.

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. २००६ च्या सुमारास नवरा आजारी पडला, तेव्हा दोघांचंही कळलं. तो गेला. सरकारी मोफत गोळ्या २००४ मध्ये सुरू झाल्या होत्या, म्हणून मी राहिले. त्या वेळच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असायचं. त्याने गाल आत जायचे, हातापायांवरची चरबी उतरायची, तळपायांना मुंग्या यायच्या. तोंडाने सांगायची वेळच येत नसे, चेहराच सगळं सांगून टाकायचा. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधं एकाच गोळीत येतात. रोज एक गोळी. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं तपासणीत सापडतच नाही. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. सध्या मला काळजी आहे ती हाडांची आणि क्रिएटिनिनची (त्यावरून मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं), कारण वयही वाढतंय आणि टेनोफोव्हिर हाडांवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकतं. वेळेवर उपचार सुरू झालेला माणूस आज जवळपास इतरांइतकंच जगतो. लोकांच्या डोक्यात मात्र अजून नव्वदच्या दशकातल्या एड्सच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली कवटी आहे.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आपली स्थिती सांगायला कुणावरही जबरदस्ती करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अपवाद फक्त न्यायालयाच्या आदेशाचा.

निवृत्त_ठाणे:
ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. फोटो टाकणं नीचपणा झाला, त्यात वादच नाही. पण माझ्या घरात दीड वर्षाची नात आहे. बाई भाजी चिरते, विळीवर बोट कापतं, त्याच हाताने बाळाला उचलते. भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन करतो, ड्रायव्हरचं लायसन्स बघतो, मग घरात येणाऱ्याचा आजार विचारला तर मीच गुन्हेगार? मी विज्ञान नाकारत नाही. आजोबा म्हणून विचारतोय.

कळव्याची सिस्टर:
काका, एकत्र राहिल्याने, भांड्यांतून, कपड्यांतून, संडासातून, डास चावल्याने, बाळाला उचलून घेतल्याने एचआयव्ही होत नाही. उपचाराने विषाणू दाबला गेला असेल तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. युरोपात 'पार्टनर' नावाने मोठा अभ्यास झाला. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी जोडपी होती आणि कंडोम न वापरता संबंध येत होते. त्यात आपल्याच जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. ज्यांच्याकडे हिरवं पुस्तक आहे ते उपचार घेताहेत, म्हणून तर पुस्तक आहे.

पण ताई, तुमचंही सगळं पटत नाही. दवाखान्यात आम्हाला कळायलाच हवं. मला ड्युटीवर सुई टोचली आहे. लागण टाळायला ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. मळमळ, झोप नाही, घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. त्या दिवसांत 'मी सांगायला बांधील नाही' म्हणणाऱ्या पेशंटचा मला रागच आला असता.

ट्रान्सहार्बर:
सिस्टर, तुमचा राग समजतो. पण पॉझिटिव्ह माणसाच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, आणि उपचार चालू असतील तर त्याहून कितीतरी कमी. खरा धोका ज्याची तपासणीच झालेली नाही त्याच्याकडून. तो तुम्हाला काय सांगणार? त्यालाच माहीत नाही. म्हणून तर हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते.

मी डॉक्टरांना सांगते, पण माझ्यासाठी. डोल्युटेग्राव्हिर कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेतलं की नीट शोषलं जात नाही. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्राव्हिरचा डोस वाढवावा लागतो. हे त्यांना कळायलाच हवं. मात्र दाढ काढायला गेले तेव्हा एका खाजगी दवाखान्यात खरं सांगितलं, तर 'आज मशीन बंद आहे' म्हणाले. बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला लगेच आत घेतलं. पेशंटने सांगावं असं वाटत असेल तर सांगितल्यावर त्याला खुर्चीवर बसवायची तयारी हवी.

घणसोलीकर:
ताई, मीपण पॉझिटिव्ह. रिक्षा चालवतो, स्वतःची आहे. तुमच्याशी कायद्यावरून भांडण नाही, पण एक विचारतो, राग मानू नका. ग्रुपवर त्या बाईंची अब्रू निघत होती तेव्हा 'मलाही आहे' असं तुम्ही लिहिलंत का? तुम्ही गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवत असाल, शेजारणी तुमच्या हातचं खात असतील. त्यांना कळलं असतं की एचआयव्हीवाली बाई म्हणजे ही आपलीच ताई, तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

मी आमच्या आळीत सांगून टाकलं. सुरुवातीला माझ्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. स्टँडवर चहाचा कप वेगळा ठेवायचे. बायको रडायची. मी हटलो नाही, माझी औषधं दाखवली, एकेकाला घेऊन सेंटरवर गेलो, काउन्सेलर मॅडमशी गाठ घालून दिली. आता काही नाही. भीती कागद वाचून जात नाही हो, माणूस बघून जाते. आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक आहेत आपल्यासारखे आणि लोकांच्या ओळखीचा एकही नाही, हे कसं? कारण सगळे गप्प आहेत. आणि त्या गप्प बसण्याची किंमत बाईंसारखे लोक भरतात.

ट्रान्सहार्बर:
दादा, लागलं तुमचं बोलणं. तरी मत बदललेलं नाही.

नाही लिहिलं मी 'मलाही आहे'. माझी मुलगी निगेटिव्ह आहे, तिच्या लग्नाचं बघतोय. मी बोलले की माझ्याबरोबर तिचंही नाव घेतलं जातं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. तुम्ही बोललात, त्यासाठी छाती लागते, नमस्कार आहे. पण रिक्षा तुमची होती. तुम्हाला कामावरून काढणारा कुणी नव्हता. बाईंची रोजची भाकरी आमच्या चार दारांच्या मर्जीवर होती. ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्याकडे धैर्य मागायचं नसतं.

ग्रुपवर मी हे लिहिलं: फोटो काढा, बाईंची माफी मागा, त्यांना कामावर परत घ्या. हे लिहायला पॉझिटिव्ह असावं लागत नाही. बाकी सगळे निगेटिव्ह शेजारी वाचून गप्प बसले. जाब विचारायचा तर आधी त्यांना विचारा. भीती घालवायचं काम दर वेळी आजारी माणसानेच का करायचं?

मुक्काम_वाशी:
जोडीदाराला तरी सांगायला हवं की नाही? की तिथेही गोपनीयता?

ट्रान्सहार्बर:
जोडीदाराला सांगायचंच. तिथे दुसरं मत नाही माझं. लागण पसरू नये म्हणून खबरदारी घेणं कायद्यानेही आपल्यावरच टाकलंय. माझ्या नवऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला मी दोष देत नाही. पण माहीत असून ते लपवून लग्न करणं वेगळं आणि भांडी घासताना न सांगणं वेगळं. या दोन्हींना एकाच तागडीत टाकतात, तिथेच गडबड होते.

घणसोलीकर:
हे शंभर टक्के. बाकी माझं म्हणणं कायम. तुमची मुलगी तरी उद्या सासरी किती वर्षं झाकून ठेवणार की आई रोज गोळी घेते?

निवृत्त_ठाणे:
सिस्टरांनी लिहिलं ते घरी वाचून दाखवलं. सून म्हणते, माझ्या मुलीच्या बाबतीत मला शून्य धोका हवा, टक्केवारी नको. मी तिला चूक म्हणू शकत नाही.

ट्रान्सहार्बर:
काका, पोळ्या लाटण्यात आणि बाळाला कडेवर घेण्यात टक्केवारी नाहीच, ते शून्यच आहे. टक्के सुईचे होते. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढायचं तर कायदा स्वतंत्र, पात्र आरोग्यसेवकाचं लेखी मूल्यमापन मागतो, की या माणसापासून इतरांना लागणीचा मोठा धोका आहे. स्वयंपाक-धुण्यासाठी असं कोण लिहून देणार? सूनबाईंना १०९७ वर फोन करू द्या. सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. विळीचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारावा, माझ्याकडून ऐकण्यापेक्षा ते बरं.