शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल: २४ तासांचं प्रशिक्षण पुरे?

ओहायोची_आई
आमच्या स्कूल बोर्डापुढे ठराव येतोय: इच्छुक शिक्षक-कर्मचाऱ्यांना शाळेत पिस्तूल बाळगू द्यायचं. भारतातल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये निकाल दिला की शाळेत शस्त्र बाळगायचं तर पोलिसाचं प्रशिक्षण हवं, म्हणजे ७०० तासांहून जास्त. मग २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासात उवाल्डीला १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. जूनमध्ये आमचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी हाउस बिल ९९ वर सही केली आणि ७०० चे झाले २४.

खरी मेख पुढेच आहे. हे २४ 'किमान' नाहीत, 'कमाल' आहेत! राज्य याहून जास्त मागूच शकत नाही, बोर्डाला हवे तर त्याने वाढवावेत. पुढे वर्षाला ८ तास उजळणी. पोलिसांच्या संघटनेनेही विरोध केला होता, पण ऐकतो कोण. मला हे पटत नाही. तुमचं मत काय?

मक्याच्या_शेतातून
शहरात बसून विरोध करणं सोपं आहे, ताई. आमच्या काउंटीत शेरीफची गाडी पोचायला चांगली वीस मिनिटं लागतात, बर्फ असला तर विचारूच नका. तोवर मुलांनी काय करायचं, बाकाखाली बसून वाट बघायची?

आणि तासांचंच म्हणाल तर उवाल्डीला ३७६ पोलिस जमले होते. सगळ्यांचे तास पूर्ण. तरी ७७ मिनिटं तो नराधम वर्गात होता. शिवाय सक्ती कुणावरच नाही. ज्याला जमेल तो पुढे येईल.

खडू_फळा
मी शाळेत शिक्षक होतो आणि एनसीसीही बघायचो. आम्हा शिक्षकांना कमिशन मिळण्याआधी कामठीच्या अकादमीत आठवडेच्या आठवडे राबवून घेत. एवढं करून हातात काय, तर पॉइंट टू टू रायफल. तीही फायरिंगपुरती. एरवी युनिटच्या शस्त्रागारात कुलूपबंद.

रेंजवर पोरं आडवी पडलेली, मागे उस्ताद, हुकमाशिवाय बोट ट्रिगरवर गेलं की पाठीत धपाटा. फायर संपलं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत. एक कमी भरली तर सगळी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळायची, आणि ती सापडेपर्यंत जेवण नाही. कागदाच्या टार्गेटसाठी एवढा काटेकोरपणा. इथे तर भरलेलं पिस्तूल कमरेला लावून गणिताचा तास घ्यायचा म्हणता. सहावीच्या वर्गात माझा डस्टरही जागेवर राहत नसे.

नेमबाज_काका
खडू_फळा +१. भर एवढीच: रँड संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास केला होता. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभरातल्या साधारण १८ गोळ्या लागल्या. उरलेल्या ८२ शाळेच्या कॉरिडॉरमध्ये कुठे जाणार, हे आधी सांगा.

मक्याच्या_शेतातून
काका, आकडे छान आहेत. पण नि:शस्त्र शिक्षकाची एकही गोळी लागत नाही, कारण नसतेच. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवरच्या २०१४ च्या हल्ल्यानंतर तिथल्या प्रांतिक सरकारने शिक्षकांना शस्त्रं बाळगायला परवानगी दिली. २०१६ च्या जानेवारीत चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठात अतिरेकी घुसले, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक हमीद हुसेन पिस्तूल घेऊन आडवे आले. स्वतः गेले, पण विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळाला.

ओहायोची_आई
प्राध्यापकांना सलामच. पण त्याच प्रांतातली दुसरी बातमीही सांगा ना. जुलै २०१५, स्वात. शिक्षक पिस्तूल साफ करत होता, गोळी सुटली आणि १२ वर्षांचा विद्यार्थी जागीच गेला. अतिरेकी नाही, हल्ला नाही, काही नाही. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये वर्गात बंदुकीच्या सुरक्षिततेचा पाठ देतानाच शिक्षकाची गोळी छतात गेली, एका मुलाला इजा झाली. तो शिक्षक राखीव पोलिस होता!

हल्ला आमच्या शाळेवर कधी होईल, होईल की नाही, देव जाणे. पिस्तूल मात्र रोज सकाळी आठला शाळेत येणार. २४ तासांत प्रथमोपचार शिकायचा, भडकलेल्याला शांत करायला शिकायचं, शाळांवरच्या हल्ल्यांचा इतिहासही. मग नेम धरायला उरतं काय?

मक्याच्या_शेतातून
मग तास वाढवून मागा! फ्लोरिडात गार्डियनला, म्हणजे शाळेतल्या सशस्त्र रक्षकाला, १४४ तास आहेत. कायदा बोर्डाला अडवत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय. ठराव पाडण्यापेक्षा त्यात १४४ घाला, मी स्वतः येऊन पाठिंबा देतो.

नेमबाज_काका
१४४ केले तर निम्मे इच्छुक गळतील.

मक्याच्या_शेतातून
गळू देत. मला तेच हवेत जे गळणार नाहीत.

ओहायोची_आई
१४४ चं मी बोलून बघते. पण पिस्तूल अंगावर राहणार की तिजोरीत, आणि बदली शिक्षक आला त्या दिवशी किल्ली कुणाकडे, हेही विचारणार आहे. शाळेत सशस्त्र कर्मचारी आहेत एवढंच पालकांना कळवतात, कोण ते नाही. म्हणजे माझ्या लेकीच्या बाईंकडे आहे का, हे मला कळणारच नाही.

मक्याच्या_शेतातून
तुम्हाला कळलं तर हल्लेखोरालाही कळेल. नाव गुप्त, यावर मी हटणार नाही.

खडू_फळा
पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं हो. मास्तर कुठल्या खिशात विडी ठेवतो, ते आमच्या पोरांना पाठ होतं.