गच्चीवरील वामनवृक्ष: माती फेब्रुवारीत बदलावी की मृगाची वाट पाहावी?

गच्चीकर (पुणे)

सर्वांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी चौथ्या मजल्यावरील उघड्या गच्चीत वामनवृक्ष (बोन्साय) वाढवीत आहे. गेल्या जूनमध्ये त्यांची संख्या 19 होती, आज ती 17 आहे. त्यांत चार वड, दोन पिंपळ, तीन फायकस, तीन अडेनियम, दोन बोगनवेली, एक चिंच, एक कामिनी आणि उरलेले एक जेड आहे. दुसरे जेड जुलैच्या झडीत बुंध्यापाशी कुजले आणि दोन वर्षे उत्तम वाढलेले जुनिपर सप्टेंबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, अचानक तपकिरी पडले. शिवाय एका वडाच्या फांदीत तिला वळण देण्यासाठी बांधलेली ॲल्युमिनियमची तार इतकी रुतली की, काढल्यानंतरही मळसूत्रासारखा वळ राहिला आहे.

माझ्याजवळच्या पुस्तकात कुंडी आणि माती बदलण्याचे काम वसंताच्या आरंभी, कळ्या फुगू लागताच करावे असे सांगितले आहे. परंतु ते पुस्तक हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या प्रदेशासाठी लिहिलेले आहे. सध्या फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू असून माझ्या पाच कुंड्यांत (दोन वड, एक पिंपळ, चिंच आणि एक अडेनियम) मुळे तळाच्या भोकांतून बाहेर आली आहेत आणि घातलेले पाणी बराच वेळ वरच तुंबून राहते. ही पाचही झाडे माती बदलण्यासाठी आत्ताच कुंडीतून काढावीत की पावसापर्यंत थांबावे? एप्रिलच्या अखेरीस आम्ही 12 दिवस बाहेरगावी असू, त्या काळात पाण्याची सोय कशी करावी? आणि झडीच्या पावसात सर्व कुंड्या घरात आणणे शक्य नसेल, तर काय करावे?

पारंब्या (पुणे)

तुमच्या पाच झाडांना एकच उत्तर लागू पडत नाही, आणि माझ्या मते पुस्तकाची खरी अडचण तीच आहे. आपल्याकडे झाडाला विश्रांती थंडीमुळे मिळते त्यापेक्षा कोरडेपणामुळे अधिक मिळते, म्हणून प्रत्येक झाड पालवी कधी फोडते ते पाहून काम ठरवावे. पिंपळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो आणि मग तांबूस पालवी येते. पाने गळून टोकाची कळी हिरवट दिसू लागली की तोच त्याचा मुहूर्त. चिंचेचेही पालवीआधी, म्हणजे या महिन्यात करून घ्यावे. अडेनियम आत्ता काढता येईल, मात्र त्याची छाटलेली मुळे दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावीत आणि नव्या मातीत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये.

वडाची गोष्ट वेगळी आहे. त्याला ऊब आणि हवेतील ओलावा दोन्ही लागतात. मी माझे सर्व वड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढतो. मुळांचा एक तृतीयांशापर्यंत भाग कमी करतो, त्याच प्रमाणात पाने उतरवतो आणि पुढे महिना-दीड महिना कोणतेही खत देत नाही. तोपर्यंत तुमच्या दोन्ही वडांसाठी एवढेच करा: लाकडी काडीने मातीला उभी छिद्रे पाडा, म्हणजे पाणी आत उतरेल.

माती बदलताना विटांचे तुकडे गव्हाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या आकाराचे घ्यावेत आणि त्यांतील भुकटी चाळून पूर्णपणे काढून टाकावी. बहुतेकांचे चुकते ते इथेच. भुकटी तळाशी बसून लगदा होतो आणि भोके असूनही कुंडी तुंबते. पुण्याच्या पावसासाठी मी निम्म्याहून अधिक विटांचे तुकडे आणि उरलेल्या भागात पोयटा व जुने शेणखत घेतो. जेड आणि अडेनियमला शेणखत अगदी नावापुरते.

जुनिपरविषयी खेद वाटतो, पण ते सप्टेंबरमध्ये मेले नसावे. त्याची मुळे कुजली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी दिसत राहतात, त्यामुळे घात बहुधा जुलैमध्येच झाला असावा.

सुपारीबाग (रत्नागिरी)

वरील उत्तराशी बहुतांश सहमत आहे, परंतु वडाचे जूनचे वेळापत्रक घाटाखाली चालत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नुकतीच भरलेली सैल माती पहिल्या दोन सरींत कुंडीबाहेर वाहून जाते. म्हणून मी वड आणि उंबर मेच्या मध्यावर, जाळीच्या सावलीत काढतो. तेव्हा हवा दमट झालेली असते आणि पाऊस लागेपर्यंत मुळांना तीन आठवडे मिळतात. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात हे धाडस मी करणार नाही.

पावसाळ्याच्या तुमच्या प्रश्नावर सर्वांत स्वस्त उपाय असा, की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवावी. उथळ कुंडी सपाट असताना तळाच्या थरात पाणी धरून राहते. तिरकी केली की तेच पाणी खालच्या कडेच्या भोकातून निघून जाते. झड थांबली की तुकडा काढून घ्यावा. सर्व कुंड्या आत आणण्याची गरज नाही, जेड आणि अडेनियम तेवढी छपराखाली घ्या. वड आणि फायकस पावसात ठेवाच, कारण पारंब्या सुटण्याचे दिवस तेच असतात. बोगनवेल पावसात नुसती पानावर जाते, फुले धरत नाही. त्याची काळजी करू नका, पाणी तोडल्यावर ती हिवाळ्यात बहरते.

बुरशीसाठी आम्ही सुपारीवर कोळेरोगाकरिता फवारतो तेच बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर एकदा फवारतो. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी लिटरमागे 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना पुरतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, लोखंडी भांडे वापरू नये, आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या पालवीवर मात्र ते मारू नये.

वैदर्भीय (नागपूर)

पावसाचे जाणकार वर बोलले आहेत, मी उन्हापुरते लिहितो. पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा झाड वरून करपते त्याआधी कुंडी बाजूंनी तापून मुळे भाजतात. त्यामुळे कुंड्या गच्चीच्या फरशीवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. दुपारी पाणी देण्याची वेळ आलीच, तर नळीत साठलेले कढत पाणी आधी बादलीत सोडून द्यावे. माझी एक कामिनी मी स्वतःच्या हाताने अशीच भाजली आहे.

बाहेरगावी जाताना पसरट टोपल्यात वाळू भरून ती भिजवावी आणि कुंड्या निम्म्यापर्यंत वाळूत रोवाव्यात. चार-पाच दिवस हे पुरते. 12 दिवसांसाठी मधून कोणीतरी येऊन वाळू भिजवणे आवश्यक आहे. शेजाऱ्यांना प्रत्येक झाडाची तहान समजावण्यापेक्षा ‘वाळू ओली ठेवा’ एवढे सांगणे फार सोपे जाते. जेड आणि अडेनियम वाळूत ठेवू नयेत. याच कोरड्या दिवसांत पानांच्या मागे लाल कोळी (एक बारीक कीड) होतो, तेव्हा सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत जावे.

गच्चीकर (पुणे)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. या रविवारी चिंच आणि अडेनियम काढतो, पिंपळ पाने टाकेपर्यंत थांबतो आणि वड जूनसाठी ठेवतो. एक शंका उरली आहे: बोअरच्या पाण्यामुळे कुंड्यांच्या कडांवर आणि बुंध्यांवर पांढरा थर चढला आहे, तो मातीतही असेल का? आणि तारेचा वळ भरून येईल का?

पारंब्या (पुणे)

हो, क्षार मातीतही साठत असणारच. कुंडीचा थर व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन जुन्या दात घासण्याच्या ब्रशने निघतो. बुंध्यावर नुसते पाणी आणि मऊ ब्रश वापरा. आठवड्यातून एकदा भोकांतून भरपूर पाणी वाहीपर्यंत कुंडी धुऊन काढावी. पावसाचे पाणी हे काम अधिक चांगले करते, म्हणूनही वडांना पहिल्या सरी चुकवू नका.

वडाची साल पुष्कळ भरून येते, त्यामुळे फांदी जाड होत जाईल तसा वळ दोन-तीन वर्षांत बराचसा बुजेल. त्या फांदीचे टोक यंदा छाटू नका, तिला मोकळी वाढू द्या. पावसाळ्यात वडाची फांदी इतक्या वेगाने फुगते की तीन आठवड्यांत तार रुतते. जूनमध्ये बांधलेली तार मी दर रविवारी तपासतो आणि किंचित दाबलेली दिसली, तरी उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढून टाकतो.