कंपनीचं कस्टम की गॅरेजचं?

भाऊ, कंपनीतून कस्टम होऊन, म्हणजे खास बदल करून आलेली मोटारसायकल म्हणजे स्टिकरचे जास्तीचे पैसे, हे तुमचं म्हणणं रंग-ग्राफिक्सपुरतं शंभर टक्के मान्य. पण हार्ले-डेव्हिडसनच्या सीव्हीओ, म्हणजे कंपनीनंच कस्टम करून विकलेल्या गाड्या बघा. 1999पासून निघतात, आणि त्यांत बहुतेकदा इंजिनच नेहमीच्या मॉडेलपेक्षा मोठं असतं. ते काम आपल्या नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या गॅरेजात होत नाही, मिस्त्री कितीही हुशार असो.

दुसरं, कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर लावून फुटाळा तलावावर फिराल तर चालान ठरलेलंच. कंपनीतूनच बसवून आलेल्या पार्टला ती भीती नाही, वॉरंटीचा वाद नाही, आणि किमतीत धरलेला असल्यानं विम्याच्या आयडीव्हीतही (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत) येतो. (रस्ता करही त्याच वाढीव किमतीवर बसतो, हे शोरूमवाला आपणहून सांगत नाही.)

विकताना मात्र त्याचे वेगळे पैसे मिळतील ही आशा सोडा. म्हणून इंजिन, एक्झॉस्ट, सस्पेन्शन कंपनीचंच. सीट, बॅगा, आरसे खुशाल बाहेरून घ्या. फक्त काळी सीट नको बाप्पा, मे महिन्यात 45 अंशांत सीताबर्डीला उन्हात गाडी लावून बघा एकदा!