८ गोल मारून ४ गोलवाल्यांकडून हरलो: करंडकात हँडिकॅप हवा की नको?

कृष्णाकाठ

येत्या रविवारी यंदाच्या करंडकाचे नियम ठरणार आहेत, म्हणून आधीच मन मोकळं करतो. गेल्या वर्षी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जिल्ह्यातल्या हौशी कोर्फबॉल (मुलं-मुली मिळून पोलवरच्या बास्केटमध्ये चेंडू टाकतात तो खेळ) संघांचे अ, ब, क असे तीन गट पाडले होते. एका गटाचा फरक असेल तर खालच्या संघाला ३ गोल, दोन गटांचा असेल तर ६ गोल, मॅच सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर. हाच तो हँडिकॅप. सेमीफायनलला आम्ही (अ) ८ गोल मारले, समोरच्यांनी (क) ४. फळा म्हणाला १०-८. आम्ही बॅगा भरल्या.

हरल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण शेवटची पाच मिनिटं काय झालं ते ऐका. कोर्फबॉलमध्ये चेंडू घेऊन पळता येत नाही, टप्पे टाकत नेता येत नाही, आणि समोरच्याच्या हातातला चेंडू हिसकावताही येत नाही. मोठ्या स्पर्धांत २५ सेकंदांचं शॉट क्लॉक असतं, तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो; आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागे चालतं. मग समोरच्या चौघांनी चेंडू नुसता फिरवत ठेवला. शॉट घ्यायची गरजच नव्हती त्यांना.

लहानपणी गल्लीत धाकट्याला कच्चं लिंबू म्हणून खेळायला घ्यायचो. आउट झाला तरी त्याला आउट द्यायचं नाही. पण कच्च्या लिंबाच्या रन धरून कुणी मॅच जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. हँडिकॅप बंद करावा, हे माझं मत.

शिट्टी मिरजेची

सर, त्या मॅचला पंच मीच होतो. वेळ काढताय म्हणून एकदा शिट्टीही दिली होती, ते सांगायचं राहिलं तुमचं.

हँडिकॅप का आला तेही सांगा की. त्याच्या आदल्या वर्षी तुमच्याच संघाने एकाला २१-२ ने धुतलं होतं. तो संघ दुपारचं जेवण न घेता परत गेला आणि पुन्हा आलाच नाही. संघ उरले पाच. पाच संघांचा करंडक म्हणजे तुम्ही आणि कॉलेजची पोरं आलटून पालटून जिंकणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ६ गोल दिले म्हणून गेल्या वर्षी आठ आले. मला आठ संघांची वादावादी चालेल, पाच संघांची शांतता नको.

तालीमवाला वाळवा

कुस्तीत बघा. मैदानात वस्ताद जोड लावतो. तोडीस तोड गडी नसेल तर कुस्तीच लावत नाही. पण हलक्या पोराला दोन गुण उसने देऊन जड पैलवानासमोर सोडलंय, असं कुठं बघितलंय का? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकले ते बँटमवेटला. वजनगट होता म्हणून तर तिथं न्याय झाला. तुम्ही पण गट पाडलेत ना अ-ब-क? मग त्या गटातच खेळवा. क चा करंडक क ला. वर न्यायचं कशाला आणि वर नेलं तर गोल उसने द्यायचे कशाला?

शिट्टी मिरजेची

दादा, आठ संघांचे तीन गट म्हणजे गटात दोन-तीन संघ. एक मॅच खेळून करंडक घ्यायचा? कुस्तीच्या मैदानाला गावोगावचे शेकडो पैलवान येतात, वस्तादाला निवडायला वाव असतो. आपल्याकडे जिल्ह्यात बास्केटचे पोल किती आहेत ते बोटांवर मोजता येतील.

शर्यतवेडा

मी कोर्फबॉल एकदाच बघितलाय, त्यामुळं माफी आधीच मागतो. आमच्या बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे बैलाच्या दातांवरून गट असतात. मालक कितीही म्हणू दे बैल आदत आहे, तोंड उघडून दात बघतात. दात खोटं बोलत नाहीत. तुमचा क संघ खरंच क आहे हे कशावरून ठरतं? दात कोण बघतं?

कृष्णाकाठ

शर्यतवेडा, एका वाक्यात मुद्द्यावर आलात! गट ठरतो आदल्या वर्षीच्या निकालांवरून. एखाद्या संघाने आदल्या वर्षी दोन चांगले खेळाडू घरी बसवले, हरला, क मध्ये पडला आणि पुढच्या वर्षी ते दोघं घेऊन आला, तर ६ गोल फुकट. असं कुणी केलं असं म्हणत नाही. करता येतं, एवढंच म्हणतोय.

माणदेशी ८

तुमचा रोख कुणाकडे आहे ते कळलं सर, तेव्हा मीच बोलते. तो क संघ आमचा. आठ नंबरची जर्सी माझी.

आम्ही कुणाला घरी बसवलं नव्हतं. बसवायला जास्तीचं माणूस पाहिजे ना. कोर्फबॉलला चार मुलं, चार मुली लागतात आणि मुलीला मुलगीच गार्ड करते. मुलं कबड्डीतून, खो-खोतून हवी तेवढी मिळतात. मुली बारावीनंतर कमी होत जातात. आम्ही बरोब्बर चार होतो. एकीचा पाय मुरगळला असता तर संघच संपला असता.

आणि आदल्या वर्षी का हरलो त्याची गोष्ट सांगते, हसू नका. बास्केट साडेतीन मीटरवर असते, मागे बोर्ड नसतो, त्यामुळे अंदाज सगळा हाताचा. गावात ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून जीआय पाइप मोजून साडेतीन मीटर कापून घेतला. वर वेताची बास्केट, बुरुडाकडून करून घेतलेली, तळ काढलेली. खाली स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून पाइप उभा केला. वर्षभर त्यावर सराव केला. पहाटेची एसटी धरून सांगलीला आलो आणि पहिल्या मॅचला सगळ्यांचे शॉट रिंगच्या खालीच. एकजात सगळ्यांचे! नंतर लक्षात आलं, पाइपाचा वीतभर भाग काँक्रीटमध्ये गेला होता. आमची बास्केट गावात वीतभर ठेंगणी होती. तीन मॅच हरलो आणि क मध्ये गेलो. परत जाऊन टायरखाली दगड लावले.

शर्यतवेडा

म्हणजे बैलाचे दात नाही, शर्यतीचं रानच मोजायला पाहिजे होतं.

आकडेमोड्या

भावना बाजूला ठेवून एक विचारतो. ३ आणि ६ हे आकडे किती मिनिटांच्या मॅचसाठी ठरवले होते?

शिट्टी मिरजेची

४० मिनिटांच्या. आधी सगळ्या मॅच २०-२० मिनिटांच्या दोन डावांत घ्यायचं ठरलं होतं. मैदान एकच मिळालं म्हणून लीग आणि सेमी १०-१० वर आणल्या. फायनल तेवढी ४० ची झाली.

आकडेमोड्या

मग भांडण हँडिकॅपचं नाहीच, भागाकाराचं आहे.

घोड्यावरच्या पोलोत हँडिकॅप कित्येक दशकं चालत आलाय. तिथे प्रत्येक खेळाडूला उणे २ पासून १० पर्यंत अंक असतो, चौघांची बेरीज म्हणजे संघाचा अंक. दोन संघांच्या अंकांतला फरक घ्यायचा, जेवढे चकर (पोलोतले डाव) खेळणार तेवढ्याने गुणायचा आणि सहाने भागायचा. मॅच लहान, तर सूटही लहान. अपूर्णांक आला की अर्धा गोल धरतात. साधी गोष्ट आहे: तगडा संघ आपलं तगडेपण वेळ मिळेल तसं दाखवतो. अर्ध्या वेळात अर्धंच दिसणार.

आपण वेळ निम्मी केली आणि सूट पूर्ण ठेवली. सेमीला ६ च्या जागी ६ गुणिले २० भागिले ४०, म्हणजे ३ गोल हवे होते. ४ अधिक ३ सात, समोर ८. कृष्णाकाठ जिंकतात.

कृष्णाकाठ

हे मी प्रिंट काढून रविवारी नेणार आहे.

माणदेशी ८

न्या सर, पण खालची ओळ पण घेऊन जा. फायनल ४० मिनिटांची होती, समोर ब संघ, सूट ३. म्हणजे तिथलं गणित बरोबर होतं. त्यांचे १३, आमचे ११ अधिक ३. करंडक आम्ही बरोबर गणितानेच घेतला.

कृष्णाकाठ

फायनलला पोचलात कुठल्या गणिताने ताई?

माणदेशी ८

😄 ते तुम्हीच लिहिलंय वर.

तालीमवाला वाळवा

आकडेमोड्या साहेबांचं गणित कळलं, पटलं नाही. मारला नाही तो गोल कसला? तीन द्या नाहीतर सहा द्या, फरक आकड्याचा. पाहुण्यांना ताटात वाढून दिल्यागत झालं. आणि एक बघा, हा खेळ डचांनी, १९०२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका मास्तरानं काढला तोच मुळी पोरंपोरी बरोबरीनं खेळावीत म्हणून. उंच गड्याची मिजास चालू नये म्हणून गार्ड समोर हात आडवा धरून उभा असला की शॉटच बाद. दर दोन गोलांनी अटॅकवाले डिफेन्सला, डिफेन्सवाले अटॅकला. खेळातच एवढी समानता घातलीय, त्यावर आणि हँडिकॅप म्हणजे पुरणपोळीवर साखर.

आकडेमोड्या

मुद्दा चांगला आहे, पण त्या नियमांनी उंचीचा आणि बाई-पुरुषाचा फरक कमी होतो. आठवड्याला चार दिवस हॉल मिळणारा संघ आणि टायरमधला पोल यांतला फरक त्यांनी कमी होत नाही. उलट दर दोन गोलांनी झोन बदलल्यामुळे आठही जणांना दोन्ही कामं यावी लागतात, दोन चांगल्या खेळाडूंवर मॅच निघत नाही. म्हणजे कमी सराव असलेला संघ इथे जास्तच उघडा पडतो.

शिट्टी मिरजेची

झोनवरून आठवलं, हे मैदानात असलेल्यांनाच माहीत आहे. पहिल्या दिवशी अ विरुद्ध ब, फळ्यावर ३-०. अ ने पहिला गोल मारला, फळा ३-१. टेबलवरच्या मुलाने बेरीज केली, चार, सम आकडा, झोन बदल! मी पण फळ्याकडेच बघितलं आणि शिट्टी मारली. मारलेला गोल एकच होता. दोन्ही संघ मुकाट्याने इकडून तिकडे गेले. पुढचे तीन गोल असेच चुकीच्या वेळी झोन बदलत गेले आणि सोळा खेळाडूंपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. शेवटी गॅलरीतल्या एका काकूंनी विचारलं, मघाशी दोन गोलांनी बदलत होते, या मॅचला पहिल्याच गोलाला कसे बदलले? (काकूंना यंदा टेबलवर बसवा असा माझा प्रस्ताव आहे.)

त्यामुळे सूट राहिली तरी फळ्यावर नको. वेगळ्या पाटीवर लिहा, फळ्यावर फक्त मारलेले गोल.

कृष्णाकाठ

पाटीचं पटलं. आता माझाही एक प्रस्ताव. बेरजेऐवजी गुणाकार करू. क संघाचा प्रत्येक गोल दीड धरा. चार मारले तर सहा. मारलाच नाही तर शून्याला दीडने गुणून शून्यच. म्हणजे आघाडी घेऊन चेंडू फिरवत बसायचा प्रश्नच मिटला, सूट हवी तर शॉट घ्यावाच लागेल. तालीमवाले दादांचंही समाधान, मारल्याशिवाय काही नाही.

तालीमवाला वाळवा

हे जरा बरं वाटतंय.

आकडेमोड्या

बरं वाटतंय, पण हिशेब करा. जो क संघ दोनच गोल मारतो त्याला मिळाला एक. जो दहा मारतो त्याला मिळाले पाच. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला सूट जास्त. २१-२ ने हरलेला संघ २१-३ ने हरेल. शिट्टीवाल्यांचा पाच संघांचा करंडक परत येईल.

कृष्णाकाठ

मग वेळकाढूपणाचं काय करणार? वेळेच्या प्रमाणात सूट मान्य आहे मला, बंद करा हे मागे घेतो. पण शॉट क्लॉकशिवाय सूट मान्य नाही.

शिट्टी मिरजेची

मोबाइलवर २५ सेकंदांचं टायमर लावून एक जण पोलच्या मागे उभा करू. दोन टोकांना दोन मुलं लागतील. चहा-भडंगावर काम होऊन जाईल.

माणदेशी ८

शेवटचं माझं. आम्हाला यंदा क मध्ये टाकू नका. गट पडला तो ठेंगण्या पोलमुळे, आता पोल सरळ आहे. ब मध्ये घाला, सूट तेवढी कमी करा. पण मग अ वाल्यांच्या हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार सरावाला द्या, मुलींच्या येण्याजाण्याचं आम्ही बघतो. ६ गोलांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

तालीमवाला वाळवा

स्वतःची सूट कमी करा म्हणणारी पहिलीच बघितली. वस्तादानं जोड लावावी अशी पोरगी आहे.

कृष्णाकाठ

हॉलचं मी विचारतो ताई, शब्द आधी देत नाही, कारण चावी माझ्याकडे नसते. ब मध्ये या, स्वागत आहे.

शर्यतवेडा

बाहेरच्या माणसाचा अजून एक प्रश्न. माणदेशवाल्यांचा पोल वीतभर कमी होता, मान्य. सांगलीतले दोन पोल कुणी मोजलेत का?

कृष्णाकाठ

संध्याकाळी टेप घेऊन जाऊन आलो. एक बरोब्बर साडेतीन भरला. दुसरा चार सेंटिमीटरने खाली आहे. सेमीला दुसऱ्या डावात आम्ही कुठल्या बाजूला मारत होतो ते रविवारी समोरासमोर सांगेन.