सीटेस्टला टेस्ट सापडतच नाहीत, आणि सीआय मात्र हिरवं

अक्षरवेडा:
मंडळी, दोन दिवस यातच गेलेत. सी प्लस प्लसमध्ये छोटी लायब्ररी लिहितोय, देवनागरीत लिहिलेली रक्कम वाचून तिची संख्या करणारी, म्हणजे "१,२५,०००" दिलं की स्वल्पविराम काढून सव्वा लाख मिळाले पाहिजेत. बिल्ड सीमेकवर (कोड कसा बांधायचा ते ठरवणारं साधन), टेस्ट गूगलटेस्टमध्ये (सी प्लस प्लसच्या टेस्ट लिहायची लायब्ररी). टेस्ट्स फोल्डरच्या सीमेकलिस्ट्समध्ये (सीमेकच्या सूचनांची फाइल) टेस्टची सोय चालू करणारं इनेबल_टेस्टिंग() लिहिलंय, खाली टेस्ट नोंदवणारं ॲड_टेस्ट पण आहे. तरी बिल्ड फोल्डरमधून सीटेस्ट (सीमेकसोबत येणारी, टेस्ट चालवणारी कमांड) मारलं की "नो टेस्ट्स वेअर फाउंड" एवढंच येतं. सीआय (कोड टाकला की सर्व्हरवर आपोआप होणारा बिल्ड आणि टेस्ट) तीन आठवडे हिरवं दिसत होतं म्हणून मी निर्धास्त होतो, परवा एकाने कळवलं की सव्वा लाखाचा नुसता १ येतोय, तेव्हा लॉग उघडला तर एकही टेस्ट चाललेली नाही! टेस्टची एक्झिक्युटेबल हाताने चालवली तर ३२ पैकी १ फेल, नेमकी हीच. टेस्टने बग पकडलेला होता, तिला कुणी हाकच मारली नाही. फार वाईट वाटलं.

मेकवाला:
इनेबल_टेस्टिंग() वरच्या, मुख्य सीमेकलिस्ट्समध्ये हलव, आणि टेस्ट्स फोल्डर जोडणाऱ्या ॲड_सबडिरेक्टरी(टेस्ट्स) च्या आधी. सीटेस्ट तुझा सोर्स वाचत नाही, ते ज्या फोल्डरमधून चालवतोस तिथली सीमेकने बनवलेली टेस्टची यादी वाचतं आणि तिथून आतल्या फोल्डरांमध्ये उतरतं. तुझी वरची यादी बनलेलीच नाहीये. खात्री करायची तर बिल्डच्या आतल्या टेस्ट्स फोल्डरमध्ये जाऊन सीटेस्ट मार, तिथे दिसेल. हलवल्यावर पुन्हा कॉन्फिगर कर (म्हणजे सीमेक परत चालव) आणि सीटेस्ट -एन (कॅपिटल एन) ने नुसती यादी बघ.

पुणेरी_पॉइंटर:
वरचं बरोबर आहे पण सीआयचं अर्धंच झालं. टेस्ट सापडल्या नाहीत तरी सीटेस्ट शून्यच परत करतं, म्हणून पाइपलाइनला वाटतं सगळं ठीक. सीआयच्या कमांडला --नो-टेस्ट्स=एरर जोड, सीमेक ३.१२ पासून आहे. सोबत --आउटपुट-ऑन-फेल्युअर पण टाक, नाहीतर फेल झालेली टेस्ट काय म्हणत होती ते लॉगमध्ये येत नाही.
बरेच जण इनेबल_टेस्टिंग() ऐवजी इन्क्लूड(सीटेस्ट) लिहितात, त्याने टेस्ट चालू-बंद करायचा बिल्ड_टेस्टिंग नावाचा ऑप्शन मिळतो. पण तुझी लायब्ररी कोणी आपल्या प्रोजेक्टमध्ये ओढली तर तो ऑप्शन दोघांत सामायिक होतो, म्हणून लायब्ररीला स्वतःच्या नावाचा ऑप्शन ठेवलेला मला बरा वाटतो.
आणि एकच ॲड_टेस्ट असेल तर सीटेस्टला तुझ्या ३२ टेस्ट मिळून एकच दिसणार. त्याऐवजी जीटेस्ट_डिस्कव्हर_टेस्ट्स वापर, ते प्रत्येक टेस्ट वेगळी नोंदवतं.

अक्षरवेडा:
दिसल्या दिसल्या! खूप खूप आभार दोघांचे. लॅपटॉपवर ३२ येतात, पण सीआयवर एकच नाव, शेवटी नॉट_बिल्ट असं लिहिलेलं, आणि लाल. का बरं?

मेकवाला:
सीआयमध्ये बिल्ड करताना --टार्गेट देऊन फक्त लायब्ररी बांधतोस का? सीटेस्ट स्वतःहून काही बांधत नाही, टेस्टची एक्झिक्युटेबल आधी तयार हवी. डिस्कव्हर बिल्ड झाल्यावर ती फाइल चालवून टेस्टची नावं विचारतं, फाइलच नसेल तर ते नॉट_बिल्ट तेवढं उरतं.

पुणेरी_पॉइंटर:
अजून एक, आत्ताच सांगून ठेवतो. डिस्कव्हरने प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तेव्हा सगळ्या टेस्टसाठी एकदाच करायची जड तयारी ३२ वेळा होईल. तुझ्याकडे तसं काही नसावं. आणि नमुन्याच्या फाइली वाचत असशील तर वर्किंग_डिरेक्टरी दे, नाहीतर टेस्ट बिल्ड फोल्डरमध्ये बसून त्या शोधत बसेल.

अक्षरवेडा:
हो, --टार्गेटच होतं, काढलं. आता सीआयवर ३२ चालल्या, ३१ पास, १ फेल, सव्वा लाखवालीच. स्वल्पविरामाची दुरुस्ती करायला घेतलीये, आज रात्री टाकतो.