सेवा आणि शास्त्राभ्यास एकाच गटात कसा चालवावा?

पेरणी: आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजारी व एकट्या माणसांना भेटणारे वेगळे आणि शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, बसणारे वेगळे. भेटी देणाऱ्यांना अभ्यासाला सवड नाही, अभ्यासवाले म्हणतात आमचं पाचारण वचनाचं. याकोब 2:17, कृतीवाचून विश्वास निर्जीव, हे दोघांनाही पाठ आहे! दोन्ही एकत्र आणायचं तर बैठक नेमकी कशी घ्यावी?

दिवटी: सहा ते आठ जण पुरेत. जास्त झाले की दोघंतिघंच बोलतात. दीड तास धरा. पहिली वीस मिनिटं भेटींचा आढावा, मग पाऊण तास वचन, उरलेल्या वेळात पुढच्या भेटींची वाटणी आणि प्रार्थना. आढावा शेवटी ठेवू नका, तो हमखास राहून जातो.

सुरुवात लूक 10:25-37 पासून करा. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसासाठी शोमरोन्याने (शोमरोन प्रांतातल्या परक्याने) काय काय केलं ते क्रमाने लिहावं: जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणाला. या शेवटच्या वाक्यावर थांबा, कारण गट इथेच कमी पडतात. पहिली भेट उत्साहात होते, तिसरी कोणाच्याच अंगावर नसते. म्हणून प्रत्येक घरासाठी दोघांची नावं ठरवा आणि पुढची तारीख त्या घरातून निघण्याआधी पक्की करा.

पुढच्या बैठकीला लगेच पुढचीच वचनं घ्या, मार्था आणि मरीया: एक बहीण पाहुणचाराच्या धावपळीत, दुसरी प्रभूच्या पायाशी वचन ऐकत. लूकने हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवलेत, ते तोडू नयेत.

साधा_सेवक: आढाव्यात एक जपा. 'प्रार्थनाविषय' म्हणून लोकांची कर्जं आणि घरातली भांडणं चर्चेला येतात. त्या माणसालाच आधी विचारा, गटात सांगू का? नको म्हणाला तर 'एका कुटुंबासाठी' एवढंच.

पैशाचंही तसंच. 2 करिंथ 8:20-21 मध्ये पौल वर्गणीवर कोणी बोट ठेवू नये म्हणून सोबत माणसं घेतो. दोघांनी मोजावं, त्याच दिवशी लिहावं, दोघांच्या सह्या. मत्तय 6:3-4 (दान गुप्तपणे करा) दाखवून हिशेब टाळणारे भेटतात, पण गुप्त ठेवायचं ते देणं-घेणं कोणाचं हे. जमाखर्च उघडाच हवा.

बिरुयाकर: 'आमचं काम वचनाचं' म्हणणारे प्रेषितांची कृत्ये 6 चा आधार घेतात, तिथे प्रेषित वाटणीचं काम इतरांना देऊन स्वतः प्रार्थना आणि वचनाची सेवा धरतात. त्यांना पुढे वाचायला लावा. विधवांच्या रोजच्या वाटणीसाठी निवडलेल्या सातांपैकी स्तेफन अध्याय 7 मध्ये अब्राहामापासून शलमोनापर्यंतचा इतिहास सभेपुढे मांडतो. फिलिप्प अध्याय 8 मध्ये कूशी अधिकाऱ्याला यशयाचा उतारा उलगडून सांगतो. वाढपाला नेमलेल्या माणसांना शास्त्र इतकं येत होतं! तेव्हा अभ्यास पाळीपाळीने भेटी देणाऱ्यांनीच घ्यावा आणि अभ्यास घेणाऱ्याने त्या आठवड्यात एक तरी भेट द्यावी. तयारीला एकच उतारा, तीन प्रश्न, बस्स.

पेरणी: हे जमेल. पण आजाऱ्याकडे गेल्यावर वचन वाचावंच का? काहींना नको असतं.

दिवटी: प्रभूनेही आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं (मार्क 10:51). तेच विचारा. औषध आणायचं असेल तर आणा. वाचायला सांगितलं तर स्तोत्र 121, आठच वचनं आहेत. वीस मिनिटांच्या वर बसू नका, आजारी माणूस भिडेपोटी 'आता निघा' म्हणत नाही.

'देवाने हे का होऊ दिलं?' असं कोणी विचारलं तर तिथे उत्तर देऊ नका. सगळं गमावून आजारी पडलेल्या इयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. प्रश्न नाव न घेता गटात आणा आणि त्या आठवड्याला इयोब 2 व 3 घ्या.