इनारीच्या कोल्ह्याच्या तोंडात कणीस की लोंबी?

प्रश्न : जपानमधल्या क्योटोच्या फुशिमी इनारी देवस्थानातल्या (इनारी हा भाताचा देव) कोल्ह्याच्या मूर्तीबद्दल 'तोंडात भाताचं कणीस' असं लिहिणं बरोबर आहे का? कोल्ह्याला इनारीचं वाहन म्हणावं का?

उत्तर : लोंबी म्हणा. कणीस ज्वारीचं, मक्याचं; गव्हाची ओंबी; भाताची लोंबी. इथे हा फरक पाळायलाच हवा, कारण भात देवाच्या नावातच आहे. 'इने' म्हणजे भाताचं पीक. 'इने-नारी', म्हणजे भात पिकणं, यावरून इनारी अशी परंपरागत व्युत्पत्ती. आख्यायिकेत मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, बाण मारला जातो, त्या मोचीचा पांढरा पक्षी होतो, आणि तो डोंगरावर बसतो तिथे भात उगवतो. देवस्थानाची स्थापना ७११ची मानतात. काही कोल्ह्यांच्या तोंडात लोंबीऐवजी किल्ली दिसते, ती धान्याच्या कोठाराची.

दुसरं उत्तर : वाहन नको, दूत म्हणा. फुशिमीत देव कोल्ह्यावर बसत नाही. घोटाळा होतो तो तोयोकावा इनारीमुळे. ते बौद्ध मंदिर आहे आणि तिथली दाकिनीतेन, म्हणजे आपल्याकडून गेलेली डाकिनी, पांढऱ्या कोल्ह्यावर आरूढ असते. तिथे वाहन हाच शब्द योग्य. तिथे टाळ्याही वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात. फुशिमीत मात्र दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं.

पुरवणी : दर्शनाआधी हात-तोंड धुतात, त्या पाण्याला 'आचमन' म्हणू नये. आचमनाचं पाणी पितात, इथे चूळ भरून बाजूला टाकतात. ओगराळं एकदाच भरायचं: आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, शेवटी ओगराळं उभं धरून दांडा धुवायचा. पहिल्याच हातावर सगळं ओतलं की दांड्याला पाणी उरत नाही. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही.

आणखी एक : तोरिईला, म्हणजे डोंगरवाटेवरच्या लाकडी कमानीला, 'तोरण' करू नका, मराठीत तोरण म्हटलं की आंब्याची पानंच डोळ्यांपुढे येतात. तोरिई अर्पण करण्याला 'नवस फेडणं' चपखल बसतं. जपानी 'तोरु' म्हणजे आरपार जाणं आणि इच्छा पार पडणंही. आपलं 'पार' दोन्हीकडे चालतं. तोरिईच्या रंगाला शेंदरी म्हणा, पण पारंपरिक द्रव्य पाऱ्याचं, म्हणजे हिंगूळ; शेंदूर शिशाचा. हिंगूळ लाकूड टिकावं म्हणूनही लावत. दात्याचं नाव आणि तारीख खांबांच्या मागच्या अंगाला असते. चढताना खांब कोरे दिसतात. अक्षरं वाचायची तर उतरताना वाचा.